हुज्जतीचे धोंडे

घावटेवाडीच्या वरच्या पठारावर दोन काळे धोंडे समोरासमोर बसले आहेत. पाहुणे विचारतात, हे देव का? वाडीतली बायजाआजी सांगते, "देव न्हवं. जावा."

असे सांगतात, की फार पूर्वी वाडीत साळू आणि तिची थोरली जाऊ गिरजा यांची रोज हुज्जत चाले. विषय काय, तर ताक आंबट की गोड, लाकूड चुलीत आडवं की उभं. साळूचा जीव मुळात धास्तावलेला. तिचा चार वर्षांचा म्हादू शिंकला तरी तिला वाटे, आपलंच काही चुकलं. एकदा त्याचा ताप उतरेना, तेव्हा तिने वाघजाईला नवस बोलला: पोर वाचू दे, जावेशी पुन्हा हुज्जत घालणार नाही.

ताप उतरला. साळूने तोंड मिटलं. घर इतकं गप्प झालं, की म्हणे मांजरसुद्धा बिचकून वावरू लागलं.

पुढे भाद्रपदात दोघी पठारावर गवत कापत असताना धुकं उतरलं आणि जवळच खेळणारा म्हादू दिसेनासा झाला. साळूने रडवेल्या हाका घातल्या. त्याचं रडणं ऐकू येई, पण दर हाकेला आणखी लांब, कड्याच्या बाजूला जाई.

"थांब," गिरजा म्हणाली. "असला आवाज त्यानं कधी ऐकलाय तुझा? बिचकतंय पोर. माझ्याशी हुज्जत घाल."

"नवस हाय, जाऊबाई."

"वाघजाई बाईच हाय. तिलाबी जाऊ असंल. चढ त्या धोंड्यावर, मी ह्या समोरच्यावर चढते, आन् सांग, काल ताक कुणी नासवलं?"

साळूने मनातल्या मनात देवीचे पाय धरले. "तुमीच. झाकण उघडं टाकलंत."

"माझ्या हाताला लोणी येतं, म्हणून जळतीस."

"लोणी? तुमच्या ताकाला माशी शिवत न्हाई."

रडणं थांबलं. हुज्जत ताकावरून वाकळीवर आणि वाकळीवरून लग्नातल्या पातळावर गेली, तोवर धुक्यातून म्हादू आला. दोघींच्या मधे बसकण मारून म्हणाला, "भूक लागली."

देवी कोपली नाही म्हणतात. साळू मात्र जन्मभर धास्तावत राहिली आणि जन्मभर हुज्जत घालत.

आजही धुकं उतरलं, की वाडीतल्या दोन बायका त्या धोंड्यांवर चढतात. विषय किरकोळच लागतो. "मोठं भांडण तिथं चालत न्हाई," आजी सांगते. "भांडून माणूस उठून जातं. हुज्जतीला समोर बसावं लागतं."

आणि रानात पांगलेली पोरं त्या आवाजाच्या रोखाने घरी येतात.