चकचकीत व्हॉल्व्हची खरखर

गाणे दिव्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हमधून उजळत येई, त्या काळची गोष्ट. त्र्यंबकरावांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन व्हॉल्व्ह शेजारी बसत. एकाची काच काळवंडली होती, दुसऱ्याची चकचकीत होती. भजन लागले की चकचकीत मुद्दाम खरखरे आणि काळवंडलेल्याला म्हणे, "आजोबा, खोकला आवरा."

अखेर त्र्यंबकरावांनी उस्मान मिस्त्रींना बोलावले. "हा काळा बदला, खरखर याचीच असणार."

चकचकीत कुजबुजला, "या आता, आजोबा. मला तरणा सोबती येतोय."

मिस्त्रींनी दोन्ही व्हॉल्व्ह उपसले. "साहेब, हे मापून जुळवलेले असतात. बदलायची तर जोडीच बदलावी लागते."

दोघे भंगाराच्या एकाच डब्यात पडले. नव्या जोडीवर भजन सुरू झाले. चकचकीत रडू लागला, तेव्हा काळवंडलेला म्हणाला, "गप्प बस. आज तरी नीट ऐकू दे."