कोऱ्या कागदाचा प्रोग्रॅम

प्राध्यापक खांडेपारकर स्वतःच स्पर्धा भरवत, स्वतःच परीक्षक होत आणि स्वतःच जिंकत. यंदाचं कोडं सोपं होतं. विस्कळीत आकडे चढत्या क्रमाने लावायचे. सर्वांत कमी अक्षरांचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम जिंकणार.

सरांचा प्रोग्रॅम दोनच अक्षरांचा निघाला. आलेलं इनपुट तो जसंच्या तसं छापायचा. "इनपुट हव्या त्या रूपात घ्या, असा नियम आहे," सर म्हणाले. "मी आधीच क्रमाने लावलेलं घेतलं." टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेत एकट्याच बसलेल्या निवृत्त गणितशिक्षिका प्रमिला मठकर पुढे आल्या आणि त्यांनी कोरा कागद दिला. "माझा शून्य अक्षरांचा. इनपुटमध्येच उत्तर आहे, तर छापायचं तरी कशाला?"

"अहो, मग आकडे लावले कोणी?" सर खेकसले.

"तेच तर तुम्हाला विचारतेय, सर. मी घरात एकटी असते. मला आयतं काहीच मिळत नाही, त्यामुळे आधीचं काम कोणी केलं ते लगेच दिसतं."

सरांनी नियम बदलला: सगळ्यांना एकच, विस्कळीत इनपुट. मग बाईंनी पर्समधून आपला खरा, एकोणीस अक्षरांचा प्रोग्रॅम काढला आणि त्या पहिल्या आल्या.

बक्षीस मिळालं चहाच्या सहा कपांचं. घरी येऊन त्यांनी एक कप धुऊन ओट्यावर ठेवला. पाच खोक्यातच राहिले.