ईचा रिकामा खण

एकदा एका तालुक्याच्या गावी एक छापखाना होता, आणि त्या छापखान्यात इंग्रजी जाणणारा एकच म्हातारा होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. शाळेत तो कधी शिकवायला नव्हता. खिळे जुळवता जुळवता शिकला, म्हणून पक्का शिकला. तेव्हा अक्षरे शिशाची असत. एकेका अक्षराचा एकेक खिळा, आणि लाकडी केसमध्ये प्रत्येक अक्षराचा वेगळा खण. जुळाऱ्याने खिळे वेचून शब्द करायचा, शब्दांची ओळ, ओळींचे पान. आणि पान छापून झाले की एकूणएक खिळा पुन्हा आपापल्या खणात सोडायचा. हे शेवटचे काम कोणालाच आवडत नसे.

मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की इंग्रजीची केस दुसऱ्याच्या हवाली करून आपण घरी बसणार, असे त्यांनी मालकाला सांगून टाकले होते. कोणाच्या हवाली, ते सांगितले नव्हते. सांगायचे काय त्यात, असे भिवाला वाटे. चौदा वर्षे तो त्या छापखान्यात उभा होता. जुळारी उभ्यानेच काम करतो. भिवाच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या, त्या काय उगाच?

तशात गिरजा आली. नवरा गेला म्हणून कामाला लागलेली बाई, आधी बायंडिंगला बसून कागदांच्या घड्या घालायची. घड्या घालता घालता छापलेले वाचायची, आणि अडले की सरळ उठून मास्तरांना विचारायची. मास्तरांनी वर्षाच्या आत तिला केससमोर उभी केली. तेव्हापासून भिवाच्या पोटात जे पेटले ते विझेना. मास्तर दिवसातून किती वेळा 'गिरजा' म्हणतात, हे तो मोजू लागला. आपल्या नावापेक्षा ते दोनदा जास्त आले की त्याचे जेवण अळणी होई. मास्तरांनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून तिच्यापुढे सरकवला, ते पाहून दोन दिवस त्याने चहाच घेतला नाही. चहाने त्याचे काय बिघडवले होते, देव जाणे.

सर्वांत झोंबे ती दुपारची शिकवणी. डबे खाऊन झाले की मास्तर चार खिळे हातात घेऊन बसत. हा 'हेल्प', म्हणत, म्हणजे मदत. ह्याला मागे ईडीचे शेपूट लाव, मदत करून झाली. आयएनजीचे लाव, मदत चालू आहे. एलईएसएसचे लाव, मदतच आटली, माणूस उघड्यावर पडला. मग शब्दाशेजारी शब्द ठेवून ते त्यांची जुडी करत, बाजारात कोथिंबिरीची बांधतात तशी. 'द पुअर वुमन', ही एक जुडी. ही अजून बोलत नाही, नुसती उभी आहे. तिच्या शेजारी कृतीची जुडी आणून ठेवली की ती बोलली. आणि एका बोलण्याला 'बिकॉज' लावून दुसरे बोलणे जोडले की लांबच्या लांब वाक्य, पण आत पाहावे तर सगळ्या जुड्या, आणि जुड्यांत शेपटे.

भिवा पलीकडून ऐके आणि म्हणे, "बालवर्ग भरला वाटतं."

त्याला ह्या तुकड्यांची गरज नव्हती. त्याची युक्ती निराळी होती आणि ती त्याने कोणाला सांगितली नव्हती. इंग्रजीतले एक अक्षर त्याला कळत नव्हते, पण इंग्रजीची अख्खी वाक्ये त्याच्याजवळ तयार होती. लग्नाचे निमंत्रण, शाळेचे बक्षीसपत्र, दुकानाचे उद्घाटन, शोकसभेचा ठराव. एकदा मास्तरांनी तपासून दिलेले छापून झाले की भिवा ते सोडत नसे. तसेच्या तसे दोऱ्याने घट्ट आवळून केसखालच्या खोल खणात दडवी. पुन्हा तसले काम आले की पुडके काढायचे, नाव बदलायचे, तारीख बदलायची, झाले. गिऱ्हाईक म्हणे, भिवाचा हात म्हणजे वीज. मास्तरांनी पुडकी तशीच ठेवलेली एकदोनदा पाहिली होती. काही बोलले नव्हते.

दसरा पंधरा दिवसांवर असताना मिशनच्या दवाखान्यातून काम आले. वीस वर्षे गावात राहिलेली डॉक्टरीणबाई आपल्या देशी परत निघाली होती. तिला इंग्रजीतून मानपत्र द्यायचे होते, दोन पानी, संध्याकाळच्या आत. मास्तरांनी एक पान भिवाला दिले, एक गिरजेला. कशासाठी दिले, ते दोघांनाही न सांगता कळले.

भिवाने पान डोळ्यांसमोर धरले आणि खणातून पुडक्यावर पुडके काढू लागला. ह्या ओळीचा पहिला शब्द तोच, शेवटचा शब्द तोच. मग मधलेही तेच असणार. जिथे अगदीच बसेना तिथे त्याने खिळा खिळा पाहून जुळवले, पण तसे थोडेच. दुपारच्या आत त्याचे पान उभे राहिले, कडा कशा विटांच्या भिंतीसारख्या सरळ.

गिरजेचे मात्र अडले. इंग्रजीत सर्वांत जास्त लागते ते ई हे अक्षर. म्हणून केसच्या मधोमध सर्वांत मोठा खण ईचा असतो. तो खण तिने अर्ध्या पानातच खरवडून रिकामा केला. तिने जाऊन मास्तरांना सांगितले, ई संपले.

"संपतील कसे?" मास्तर म्हणाले. "हजारांनी आणलेत."

भिवाला पक्के ठाऊक होते की ई कुठे आहेत. त्याच्या खणात, साठ पुडक्यांत, दोऱ्याने बांधलेले. खरे सांगितले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते. त्याने तोंड उघडले, पण ते असे: सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, की नवख्या हाताने खिळे सांडतात, झाडूबरोबर कचऱ्यात जातात, आणि शिशाला मोडीत भावही बरा येतो. पुढचे वाक्य तो बोलला नाही. लोकांनी मनात पुरे केले. यंत्रावरचा माणूस गिरजेकडे बघायचा थांबेना. मालकाच्या कानावर गेले असते तर ती पुन्हा घड्या घालायलाही उरली नसती.

गिरजेने जुळाऱ्यांचा जुना उपाय केला: जिथे ई हवा तिथे दुसराच कुठला तरी खिळा उलटा घालून जागा धरली. त्याचे प्रूफ काढले की उलट्या खिळ्याच्या बुडाचा काळा डाग उमटतो. तिचे प्रूफ म्हणजे देवी आलेल्या पोराचे तोंड. भिवाचे प्रूफ निर्मळ.

मास्तरांनी भिंग डोळ्याला लावून दोन्ही वाचली. गिरजेचे डागांसकट शेवटपर्यंत वाचले. भिवाचे वाचता वाचता तिसऱ्या ओळीवर भिंग थांबले.

"भिवा, डॉक्टरीणबाई बोटीने निघाल्यात ना रे?"

"होय की."

"मग तू त्यांना मारलंस कशापायी? इथं लिहिलंय, त्यांच्या निधनानं आम्ही पोरके झालो."

छापखाना हसला. मास्तर मात्र हसले नाहीत. ते चाचपडत भिवाच्या केसपाशी आले, खालचा खण ओढला, आणि शोकाचे ते पुडके बाजूला ठेवून लग्नाच्या निमंत्रणाचे बाहेर काढले. भिवाच्या सगळ्या संग्रहात तेच उत्तम. बारा वर्षांत त्यात एक चूक निघाली नव्हती. मास्तरांनी कात्रीने त्याचा दोरा कापला आणि अख्खे पुडके दगडी टेबलावर उपडे केले. खिळ्यांची रास झाली. जुळलेले पान असे विस्कटणे म्हणजे छापखान्यात भरल्या ताटावर माती टाकणे.

भिवाला रडू फुटायचे बाकी होते. तो म्हणाला, "चूक त्या पुडक्यात होती, मास्तर. हे तर बरोबर होतं. बरोबर असलेलं का मोडलंत? तिचं असतं तर मोडलं असतं का?"

मास्तर रास हातांनी सपाट करत राहिले आणि मग म्हणाले, "बरोबर होतं म्हणूनच मोडलं. चुकलेलं तू आपण होऊन टाकशील. हे बरोबर आहे, म्हणून बारा वर्षं तू ह्याच्याआड लपलास. पहिल्या वर्षी तुला शिकवायला बसलो होतो मी. तू म्हणालास, तुकडे कशाला, सबंध द्या. दिलं. पण सबंध मिळालेलं वाक्य म्हणजे धोंडा असतो, बाबा. उचलून ठेवता येतो. उघडता येत नाही. शेपूट शब्दाला लागतं, शब्द जुडीला, जुडी जुडीला, तेव्हा कुठं माणूस न बोललेलं बोलतो. हे सांधे ज्याला ठाऊक, त्याला मूठभर खिळे पुरतात. तू साठ वाक्यं बांधून ठेवलीस आणि त्यापायी दुसऱ्याला एक नवं वाक्य जुळवायला ई उरला नाही. आणि जळतोस कुणावर? तिच्यापाशी बघ. एक तरी वाक्य आहे का?"

भिवाने पाहिले. गिरजेच्या केसखालचा खण उघडाच होता. त्यात एक फडके होते आणि डब्याचे झाकण.

त्या राशीतले ई वेचून गिरजेने काळ्या डागांच्या जागा भरल्या, भिवाचे पानही मास्तर सांगतील तसे नव्याने जुळवले, आणि दिवेलागणीच्या आत मानपत्र दवाखान्यात पोचले. दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी दोघांना एका टेबलाशी बसवले. भिवाने पुडकी सोडायची, गिरजेने सांधे दाखवायचे. पहिल्याच पुडक्याला ती म्हणाली, "भिवादादा, ई मी मोडीत घातले होते ना? बघा, तुमच्या खणातल्या मोडीवाल्यानं परत आणून दिले." भिवाने ऐकून घेतले. ऐकण्यावाचून इलाज नव्हता. पण सोडता सोडता त्याचा हात मंद होऊ लागला. निमंत्रणातल्या एका शब्दाचे ईडीचे शेपूट वेगळे निघाले, तेच शेपूट शोकाच्या ठरावातही निघाले, आणि बक्षीसपत्रातही. बारा वर्षे तो ही तिन्ही वाक्ये वेगवेगळी समजत होता.

दसऱ्याला पूजा झाली आणि मास्तरांनी इंग्रजीची केस गिरजेच्या हवाली केली. भिवाने झेंडूची माळ आपल्या हाताने त्या केसला घातली, आणि घालताना त्याला बरे वाटले असे कोणी म्हणू नये. जळणे एका पूजेने विझत नसते.

दुसऱ्या दिवशी मास्तर सवयीने आलेच. भिवा एका कोपऱ्यात उभा राहून स्वतःशी काहीतरी जुळवत होता. हस्तलिखित नव्हते, पुडके नव्हते. आधी त्याने 'लेटर' केले, म्हणजे अक्षर. त्याला एसचे शेपूट लावले, म्हणजे अनेक झाली. पुढे 'द' ठेवून जुडी केली. त्या जुडीच्या पुढे 'लूज', म्हणजे हरवणे; त्याच्याही पुढे 'डिड नॉट', म्हणजे तसे केले नाही. सर्वांत शेवटी सर्वांत आधी यायचे ते नाव. पाच खिळ्यांचे, पण तेवढ्याला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला. प्रूफ काढून त्याने ते मास्तरांच्या हातात दिले.

मास्तरांनी भिंग लावले. वाक्य असे होते, की गिरजेने अक्षरे हरवली नाहीत.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "पण इथं इंग्रजी कितीजणांना येतं? तू बोललास ते मराठीत, मोठ्यांदा. हेही तसंच सांग."

भिवा यंत्राकडे वळला. यंत्रावरच्या माणसाने चाक थांबवले. बायंडिंगच्या बायांनी माना वर केल्या. भिवाने घसा साफ केला आणि सांगितले, की ई मीच अडवले होते, गिरजाबाईंनी एकही सांडला नाही. सांगून झाल्यावर हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना.

गिरजेने कागद घेतला, एकदा वाचला, आणि घडी घालून कमरेला खोचला.

चौदा वर्षांत भिवाने जुळवलेले ते पहिले वाक्य. बाकीची त्याच्याजवळ नुसती होती.