पाणबुडीला धुके नसते

एकदा एका बंदराच्या गावात एक वृद्ध गृहस्थ राहत होते. उमेदीची वर्षे त्यांनी पाणबुडीत काढली होती. कानांना हेडफोन लावून समुद्रातले आवाज ओळखायचे आणि भोवती काय आहे ते कप्तानाला सांगायचे, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर ते गावातल्या तरुणांना संगणकावरचा पाणबुडीचा खेळ शिकवू लागले. या वयात हे काय खूळ, म्हणून लोक हसत. शिष्य त्यांना आबा म्हणत.

त्यांतला एक शिष्य या खेळात फार हुशार होता. एरवी दोन परीक्षांत नापास झालेला, जेवायला बसला की वडिलांची बोलणी खाणारा. मोठ्या स्पर्धेसाठी संघाचा कप्तान निवडायचा होता. आयुष्यात एकदा तरी आपले नाव सगळ्यांच्या वर लिहिलेले पाहावे, एवढीच त्याची इच्छा होती.

चाचणीसाठी आबांनी मुद्दाम वाईट हवामान निवडले. पडद्यावर दाट धुके, खवळलेला समुद्र. शत्रूचे एक मालवाहू जहाज आणि त्याच्या राखणीला एक युद्धनौका. पेरिस्कोपमधून पांढऱ्याखेरीज काहीच दिसेना. बाकीचे शिष्य पृष्ठभागाशीच घुटमळले आणि रिकाम्या हाती परतले. या शिष्याने मात्र शिकवल्याप्रमाणे केले. लाटांचा गोंगाट कमी होईल इतकी खोल पाणबुडी नेली, इंजिन बंद केले आणि कान देऊन बसला. वीस मिनिटांनी त्याने पहिला टॉर्पेडो सोडला. स्फोटाच्या आवाजाकडे युद्धनौका धावली, जहाज उघडे पडले आणि दुसऱ्या टॉर्पेडोने ते बुडाले.

पहिला टॉर्पेडो मासेमारीच्या एका होडीला लागला होता. खेळाने गुण कापले आणि विचारले, चूक का झाली? खाली कारणांची यादी होती. शिष्याने ‘धुके’ निवडले. धुके निवडले की दंड निम्मा होतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. एवढे होऊनही तो पहिला आला.

आबा उठले. फळ्यावर सगळ्यात वर लिहिलेले त्याचे नाव त्यांनी पुसले आणि एकही टॉर्पेडो न सोडता परतलेल्या एका मुलीचे नाव तिथे लिहिले.

बाकीचे घरी गेल्यावर शिष्य म्हणाला, “आबा, पहिला मी आलो होतो.”

“बस इथे.” आबांनी पडद्यावर पंचा टाकला, त्याच्या कानांना हेडफोन लावले आणि मघाच्याच खेळाचा आवाज पुन्हा सुरू केला. “काय ऐकू येतंय?”

“होडी. मच्छीमारांची. लहान इंजिन आहे, मध्येच अडखळतंय.” बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

“मघाशीही ओळखली होतीस.”

“हो, ओळखली होती,” शिष्य चिडला. “मुद्दाम मारली. त्याशिवाय ती युद्धनौका हलली नसती. आणि खेळ आहे आबा, खरी माणसं थोडीच मेली?”

“तुझ्या डावाबद्दल आपण वेगळं भांडू. नाव मी त्यासाठी नाही पुसलं. धुकं का लिहिलंस?”

शिष्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“धुकं पाण्याच्या वर असतं,” आबा म्हणाले. “ज्यांना डोळ्यांनी चालायचं असतं, त्यांची ती अडचण. पाणबुडीला धुकं नसतं. आपण खाली असतो आणि आपल्याला सगळं ऐकू येत असतं. एकदा असंच हवामान होतं. वीस दिवस पाण्याखाली होतो, माणसं हवेसाठी तळमळत होती. वर यायच्या आधी कप्तानानं मला विचारलं, वर काही आहे? मला इंजिन ऐकू येत होतं. लहान, अडखळणारं. हो म्हणालो असतो तर आणखी तासभर खाली राहावं लागलं असतं. मी नाही म्हणालो. पाणबुडी वर येताना ती होडी फुटली. होडीत तिघं होते. चौकशीत मी लिहून दिलं, खराब हवामानामुळे आवाज ओळखता आला नाही. सगळ्यांना ते पटलं. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली.”

शिष्याने विचारले, “आणि तुमचं नाव कोणी पुसलं?”

“कोणीच नाही,” आबा म्हणाले. “अजून नौदलाच्या तळावर भिंतीवरच्या पाटीवर आहे.”

शिष्याने पडद्यावरचा पंचा काढला. चाचणीचा अहवाल उघडून ‘धुके’ खोडले आणि कारणांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. यंत्रातील बिघाड होता, चुकीचा संदेश होता, अपुरा प्रकाश होता. जे खरे होते ते यादीत नव्हते. त्याने रकाना रिकामा ठेवला. धुक्याची सवलत गेली, दंड दुप्पट झाला आणि त्याचे नाव चौथ्या क्रमांकावर गेले.

आबांनी ते पाहिले. फळ्यावर मात्र त्यांनी काहीच बदलले नाही, आणि शिष्यानेही तसे सुचवले नाही.

आपणही आयुष्यात पुष्कळ ठिकाणी कारण म्हणून धुके लिहिलेले असते. त्या वेळी आपल्याला काय ऐकू येत होते, ते आपल्याखेरीज कोणालाच माहीत नसते.