शेजारणीचा मोर आणि कारभारीणबाईंचा हत्ती

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळच्या राजाचे नाव आज कोणालाही सांगता येणार नाही. नदीकाठी एक नगर होते आणि त्या नगरात एक सुंदर रीत होती. प्रत्येक घराच्या फाटकापाशी एखादे झाड किंवा झुडूप असे आणि घरची गृहिणी ते कातरून त्याला मनाजोगता आकार देत असे. कोणी पोपट करी, कोणी कासव, तर कोणी नुसताच कळस. या कामाला माळी लावणे कमीपणाचे समजले जाई. पुढे त्या आकृतीवरूनच घराला नाव पडे. “कासवाच्या घरी आज बारसे आहे,” “कळसाच्या घरून ताक घेऊन ये,” असे लोक सहज बोलत.

या नगरात एक कारभारीणबाई राहत असत. बाई मोठ्या टापटिपीच्या होत्या. त्यांच्या अंगणात काडी पडलेली दिसत नसे. त्यांच्या फाटकापाशी सासूबाईंनी लावलेला एक जुना सरू होता. तो सरळ आभाळात गेला होता. त्याला कात्री लावण्याची सवड बाईंना कधी झाली नव्हती आणि गरजही कधी वाटली नव्हती.

मग शेजारी सराफीणबाई राहायला आल्या. त्यांनी कुंपणाच्या मेंदीतून एक मोर घडवला. मान वळवलेली, पिसारा फुललेला, पायांशी दोन पिल्ले! राणीसाहेबांची पालखी त्या मोरापाशी क्षणभर थांबली. तेवढा क्षण सराफीणबाईंना जन्मभर पुरला. भाजीवालीपासून पुजाऱ्यापर्यंत सर्वांना त्या सांगत, “राणीसाहेब म्हणाल्या, आता हा ओरडेल की काय!”

एके दिवशी बाजारात कासारणीने कारभारीणबाईंच्या हातात बांगड्या चढवताना विचारले, “कुठं राहता, बाई?”

“कारभाऱ्यांकडे,” बाई ताठ मानेने म्हणाल्या.

कासारीण क्षणभर विचारात पडली. मग तिचा चेहरा खुलला. “हां हां! मोराच्या घराशेजारी!”

त्या दिवसापासून कारभारीणबाईंना अन्न गोड लागेना. सकाळी डोळे उघडताच त्या खिडकीशी जात आणि मोराकडे पाहत. त्याला कीड लागली आहे का, एखादे पान पिवळे पडले आहे का, हे तपासल्याशिवाय त्या तोंडही धूत नसत. एकदा गल्लीतून एक शेळी आली आणि थेट मोराच्या पिसाऱ्याकडे वळली. बाई खिडकीतच होत्या. एक शब्द उच्चारला असता, तर शेळी पळाली असती. बाईंनी तो उच्चारला नाही. शेळीने पोटभर पिसारा खाल्ला.

परंतु मेंदीच ती! थोड्याच दिवसांत खाल्लेल्या जागी नवी पालवी फुटली आणि पिसारा पूर्वीपेक्षाही दाट झाला. कारभारीणबाईंनी त्यातून एवढाच बोध घेतला, की झाडाला जितके कापावे तितके ते अधिक फोफावते.

पुढे त्यांच्या मुलीचे लग्न ठरले. वराकडची मंडळी नदीच्या वरच्या अंगाला राहणारी होती. पाहुण्यांना घराची खूण सांगताना सगळे नगर ‘मोराच्या शेजारी’ असेच म्हणणार, या कल्पनेने बाई कासावीस झाल्या. त्या कात्री हाती घेऊन सरूभोवती फिरू लागल्या. हरिण करावे, तर शिंगे मोडतील. हंस करावा, तर तो मोराच्या पंगतीतलाच. सिंहाला आयाळ कशी आणावी?

सराफीणबाई कुंपणापलीकडून हे पाहतच होत्या. गप्प राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

“अहो वहिनी, इतका विचार कसला करता? या सरूची दीपमाळ करा. मुळातच उंच आहे. वरवर कातरलात, की झाली!”

“दीपमाळ?”

“हो. आणि एक लक्षात ठेवा. मेंदी कशीही कातरली तरी फुटते. सरूचं तसं नाही. हिरव्याच्या आत कात्री नेऊ नका. त्याच्या जुन्या लाकडाला पुन्हा पालवी येत नाही. माझ्या माहेरी एक असाच वाळला. आता मी एवढी सांगतेय म्हणजे मला कळतं थोडंफार. राणीसाहेब काही उगाच...”

“थांबल्या नव्हत्या. ठाऊक आहे,” कारभारीणबाई म्हणाल्या आणि घरात निघून गेल्या.

‘दीपमाळ म्हणे! म्हणजे दिवे माझ्या दारात लागणार आणि उजेडात दिसणार हिचा मोर! आणि खोल कापू नका, हे सांगणे कशासाठी? माझी आकृती ठेंगू राहावी म्हणून!’ असे त्या मनाशी म्हणाल्या, आणि तत्क्षणी त्यांचा निश्चय झाला. त्या हत्ती करणार होत्या. हत्तीपुढे मोराची काय प्रतिष्ठा?

कारभाऱ्यांनी कचेरीतून आल्यावर हे ऐकले. ते भिडस्त गृहस्थ होते.

“आईच्या हातचं झाड आहे, अगं. असू दे की तसंच.”

“तसंच असू दे, आणि आपण तसेच राहू. मोराचे शेजारी!”

बाईंनी शिडी लावली आणि सरूचा शेंडा उतरवला. बुंध्याजवळचा भरगच्च भाग हत्तीच्या पाठीसाठी ठेवला. पोट गोल यावे म्हणून कात्री आत गेली. सोंडेला बाक यावा म्हणून ती आणखी आत गेली. सरूच्या चिकाने बाईंचे हात काळे पडले, पण हत्ती उभा राहिला. गल्लीतील मुले टाळ्या वाजवत आली. सराफीणबाईसुद्धा म्हणाल्या, “सोंड छान साधलीय हो!” कारभारीणबाईंना त्या रात्री गाढ झोप लागली.

पुढे हत्तीच्या पोटावर एक तांबूस डाग दिसला. तो पाठीवर पसरला, मग कानांवर. बाईंनी घागरींनी पाणी घातले, मुळाशी ताक ओतले, गावदेवीला नवस बोलला. पालवी काही फुटली नाही. हिरवा हत्ती काड्यांचा हत्ती झाला. दारात मांडव घालायचा, तेथे वठलेले झाड कसे ठेवायचे? शेवटी बाईंनी ते मुळापासून तोडवले.

लग्नाचा दिवस उजाडला. वऱ्हाड नावांतून सकाळीच येणार होते. मांडव भरला, सनई वाजू लागली, अक्षता वाटल्या गेल्या. वऱ्हाडाचा पत्ता नव्हता. ऊन डोक्यावर आले, मुहूर्त टळला. मुंडावळ्या बांधून बसलेली मुलगी खाली मान घालून रडू लागली. पाहुणे मुठीतल्या अक्षता तशाच ठेवून, एकमेकांच्या कानांशी लागून, आपापल्या घरी गेले.

दिवस कलल्यावर वऱ्हाड आले. सारी मंडळी दमलेली, धुळीने माखलेली होती. वराची आई मांडवात येताच कपाळावरचा घाम पुसत म्हणाली,

“अहो विहीणबाई, तुमचा सरू कुठं गेला?”

“सरू?” कारभारीणबाईंना काही उमगेना.

“आम्ही वरच्या अंगाची माणसं तुमच्या घराला सरूचंच घर म्हणतो. कोसभरावरून दिसायचा तो पाण्यावरून! सरू दिसला, की नावाडी नाव काठाला घेतात. बाकी नगर झाडीआड दडलेलं. आज सरू दिसला नाही, म्हणून ते आम्हाला पार खालच्या गावापर्यंत घेऊन गेले. तिथून पायी आलो आम्ही.”

सराफीणबाई सरबताचे तबक घेऊन शेजारीच उभ्या होत्या. काही बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडले. पण मुलीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे लक्ष जाताच त्यांनी ते मिटले आणि मुकाट्याने पेले पुढे केले.

कारभारीणबाईंनी पेला तबकात परत ठेवला. त्यांनी आपले घर नदीवरून कधी पाहिलेच नव्हते. त्या ते सदैव शेजारणीच्या फाटकातूनच पाहत आल्या होत्या. लग्न पुढच्या मुहूर्तावर लागले खरे, पण जे पाहुणे परतले होते, त्यांतले पुष्कळ पुन्हा आले नाहीत. आणि नावाडी त्या घाटाला नाव लावण्याआधी आजही दोनदा विचारून खात्री करून घेतात.

तात्पर्य : जो दुसऱ्याचे मोठेपण मोजत बसतो, त्याला स्वतःचे मोठेपण दिसत नाही, आणि मत्सराने उचललेली कात्री अखेर आपल्याच झाडावर चालते.