तिसरा कौल

एका बंदरात हरबा नावाचा मासेमारांचा एक तांडेल होता. त्याची होडी निघाली की मगच बाकीच्या होड्या पाण्यात उतरत. हा मान त्याला नुकताच मिळाला होता, आणि नव्या मानाने माणूस जरा फुगतोच.

आश्विनात खोल पाण्यात पापलेट लागल्याची बातमी आली. सगळ्यांचे हात शिवशिवू लागले. पण वारा अचानक पडला होता आणि दर्या उगाच उचंबळत होता. वादळ तर येणार नाही ना, अशी शंका हरबालाही आली. तो चौकशीला निघाला.

रिवाजाप्रमाणे त्याने आधी देवीला कौल लावला. मूर्तीवरची पाकळी उजवीकडे पडली तर होकार, डावीकडे पडली तर नकार. पाकळी डावीकडे पडली. हरबाने गुरवाला पुन्हा कौल लावायला सांगितले. पुन्हा डावी. तिसऱ्यांदा एकदाची उजवी पडली, तशी स्वारी खुशीत देवळाबाहेर आली. किनाऱ्यावर दक्षिणेकडून आलेले खलाशी भेटले. मागे मोठे वादळ आहे, जाऊ नका, असे ते म्हणाले. परके लोक आपल्या मासळीवर डोळा ठेवून बोलतात, असे ठरवून हरबा घरी आला.

त्याची बायको चांगुणा जाळे सांधत होती. सगळे ऐकून ती एवढेच म्हणाली, “तुमी विचाराला गेलेलाव, का ‘होय’ बोलवून घ्याला?”

हरबाला राग आला. तो जेवायला बसला, पण तिचे शब्द मनातून जाईनात. ताटावरून उठून तो पुन्हा त्या खलाशांकडे गेला आणि या वेळी शेजारी बसून ऐकले. त्यांनी शिडाच्या चिंध्या दाखवल्या.  हरबाने लगेच सगळ्या होड्या वाळूवर ओढायला सांगितल्या.

“तांडेल भ्याला,” कोणीतरी हसले. “पाकली उजवी परली ना?”

मान खाली घालणे हरबाला फार जड गेले, पण त्याने ती घातली. “परली. पन दोनदा डावी परल्यावर. ते मी लपवला.”

हसू थांबले. सगळ्यांनी मिळून होड्या वर ओढल्या आणि माडांना बांधल्या.

दुसऱ्या दिवशी वादळ आले. छपरे उडाली, कुंपणे मोडली, पण एकही होडी गेली नाही आणि एकाही घरात रडारड झाली नाही. दर्या निवल्यावर हरबाची होडी पुढे निघाली आणि बाकीच्या तिच्यामागे. पापलेटांनी भरलेल्या होड्या परतल्या तेव्हा सारे बंदर वाजतगाजत किनाऱ्यावर आले होते. त्या बंदरात आजही कौल एकदाच लावतात.

तात्पर्य: संकटाची चौकशी करावी ती ज्याने ते पाहिले त्याच्याकडे, आणि न आवडलेले उत्तरही पहिल्याच वेळी ऐकावे.