रुमाजी घाडीचं अर्धं गाऱ्हाणं

फार वर्षांपूर्वी, आमच्या खाडीवर तीन राजे होते तेव्हाची ही गोष्ट. राजे कसले! एकाच्या कोंबड्याने बांग दिली की तिघांची झोप मोडायची, एवढी त्यांची राज्यं. भांडणं मात्र मोठी.

त्यात समुद्रावरून टोपीकर आले. आधी त्यांनी शिडं वाळवायला जागा मागितली, मग वखारीला मागितली, मग वखारीच्या राखणीला तोफा आणल्या. एकाला दुसऱ्याची भीती घालत त्यांनी दोन राजे कधी खिशात टाकले ते कळलंसुद्धा नाही. राहिला आमचा.

शेवटी आमचा राजाही डगमगला आणि टोपीकरांच्या छत्राखाली जायचा करार करायला तयार झाला. पण देवळापुढे गाऱ्हाणं घालून, म्हणजे साऱ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागून, गावाने 'व्हय म्हाराजा' म्हटल्याशिवाय इथे करार पक्का होत नसे. गाऱ्हाणं घालायचा मान रुमाजी घाडीचा. राजाने त्याला बजावलं, "टोपीकरांचं छत्र देवाकडे माग. नाही मागितलंस, तर घरही जाईल आणि मानही."

जत्रेला सारा गाव जमला. राजा आला, टोपीकरांचा कप्तान आला. रुमाजीने नारळ हातात धरला.

"बा देवा म्हाराजा, गुरावासरांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

आणि छत्र मागायची वेळ आली तिथे रुमाजी गप्प झाला.

"घाडी, पुढे बोल!" राजा ओरडला.

रुमाजीने नारळावरची मूठ आवळली. गर्दीतून त्याची बायको जयवंती म्हणाली, "घर गेला तर जाऊंदे. तुमी बोलू नकात."

आता पंचाईत झाली. गाऱ्हाणं सुरू झालं की संपेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, अशी रीत. राजालाही ती मोडायची छाती होईना. कप्तान तणतणत निघाला, तर त्याचे पाय जमिनीवरून उचलेनात, असं म्हणतात. ओहोटी लागली. त्याचं गलबत चिखलात कलंडलं आणि तोफा घरंगळत खाडीत गेल्या, असंही म्हणतात. रुमाजी उभाच होता. जयवंतीने जवळ जाऊन हात लावला, तेव्हा तो थंड लागला; उभ्या उभ्याच त्याचा प्राण गेला होता. तिने त्याच्या मुठीतून नारळ सोडवला आणि छत्राचं नाव न घेता गाऱ्हाणं पुरं केलं.

खोटं कशाला सांगू, टोपीकर पुढे आलेच. राजाला हटवून, तोफा डागून आले. पण आमच्या गावाचा होकार त्यांना कधी मिळाला नाही.

आजही जत्रेत गाऱ्हाणं रुमाजी थांबला होता तिथेच थांबतं. पोरं चुळबुळतात, म्हातारे समुद्राकडे बघत राहतात. मग घाडींच्या घरची सून पुढे होते, नारळ हातात घेते आणि पुढचं बोलते. तोवर कुणी 'व्हय' म्हणत नाही.